सुटली म्हण

पिंपळगाव बसवंतला आमचा तीन पत्तीचा डाव दिवाळीत कांद्याच्या शेडमागं बसायचा. खेळणारे सगळे मार्केटातले, म्हणजे थापा मारण्यात मुरलेले. पत्त्यांबद्दल वाटेल ते खोटं बोला, कोणी राग मानायचा नाही. पण डाव सोडलेल्यानं तोंड उघडायचं नाही आणि घरच्या माणसाची शपथ घ्यायची नाही. कोणी घेतलीच, तर ती खरी मानायची. आमचा सभ्यपणा काय तो एवढाच, पण कडक.

गेणू हमाल बोलण्यात आम्हा सगळ्यांचा बाप. हातात काही नसताना असा निवांत बोलायचा की समोरचा चांगली पानं टाकून मोकळा व्हायचा. पोती वाहून मान वाकली होती, जिभेला मात्र हाड नव्हतं. मला त्याचा हेवा वाटायचा.

नव्याण्णवच्या पाडव्याला तो आणि टेम्पोवाला रंगनाथ असे दोघेच डावात उरले. रंगनाथ काही केल्या हटेना. बोलण्यात कधी न हरलेला गेणू सगळ्यांदेखत हरायला आला होता.

"लेकीची आण," तो म्हणाला, "तीन एक्के हायत."

रंगनाथनं मुकाट्यानं पानं टाकली. गेणूनं आपली उलटून दाखवली. दुर्री, पंजी, अठ्ठी. आणि हसत सुटला. बाकी कोणी हसलं नाही.

"गेणूभाऊ, सुटली म्हण," रंगनाथ म्हणाला.

"शपथ सोडवायला आपण काय ल्हान पोरं हाय का?"

"डाव तुझा. पण पोरीसाठी सुटली म्हण."

गेणू म्हणाला नाही. त्यात त्याला कमीपणा वाटला. मूर्ख माणूस!

माघात त्याच्या स्नेहलला मेंदूज्वर झाला. तिसरीतली पोर. मी आणि रंगनाथ नाशिकच्या दवाखान्यात गेलो, तर गेणू तिच्या पायाशी उभा राहून पुटपुटत होता, "सुटली, सुटली, सुटली."

"काय सुटली?" त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं विचारलं. शेवटी त्यानंच सगळं सांगितलं. ती रडली नाही की ओरडली नाही.

थोड्या वेळानं डॉक्टर "आता देवाचं नाव घ्या" म्हणून निघून गेले. गेणूनं वणीच्या देवीला हात जोडले आणि नवस बोलायला तोंड उघडलं. लंकाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"तुमी नका बोलू. तुमचं आधीच ऐकलंय तिनं. रंगनाथदादा, तुमी बोला."

रंगनाथ चाचरत बोलला. गेणू तसाच उभा राहिला, बायकोचा हात तोंडावर घेऊन.

स्नेहल दुसऱ्या दिवशी गेली.

गेणू अजून मार्केटात भेटतो. पत्ते सुटले, बोलणंही सुटलं. मला मात्र एकच विचारतो, "माझ्यामुळं गेली का रं?"

"नाही रे बाबा, तापानं गेली," मी सांगतो, आणि ते खरंच आहे.

तो माझ्या चेहऱ्याकडं निरखून बघतो. "तुझ्या पोरींची शपथ घे."

मला दोन पोरी आहेत. मी अजून शपथ घेतलेली नाही.