चेअरमनचा कॉर्डलेस

आमच्या चेअरमनबद्दल लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कारणं सापडत गेली. आधी शाळेची नोकरी होती, मग मोतीबिंदू झाला, आणि मुख्य म्हणजे ते हयात होते. आता यातलं एकही कारण उरलेलं नाही, तेव्हा लिहून टाकतो. टेलिफोनवर बोलण्यासारखं साधं काम इतक्या कष्टाने, इतक्या शिस्तीने आणि इतक्या मोठ्या आवाजात करणारा दुसरा माणूस बीड जिल्ह्यात झाला नाही. ते आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते आणि त्यांच्या घराची मागची भिंत तीच माझ्या घराची मागची भिंत होती. त्यांच्या घरी पूर्वी काळा, तारेचा फोन होता. त्यावर ते तालुक्याला, केजला, बोलायला लागले की फोनचा काही उपयोग आहे असं वाटत नसे. केजच्या माणसाने नुसती खिडकी उघडली असती तरी भागलं असतं.

त्या दुष्काळाच्या वर्षी त्यांनी बीडहून कॉर्डलेस आणला. तेव्हा आमच्या भागात गच्चीवर अँटेना उभारून शेतापर्यंत बोलता येणारे फोन निघाले होते आणि ज्याच्या घरावर तसली अँटेना तो माणूस मोठा, असा हिशेब होता. खोक्यातली पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून मला बोलावणं आलं. मी गावातला इंग्रजीचा मास्तर. मी पुस्तिका वाचायची, मराठीत सांगायचं आणि चेअरमननी ते पाळायचं, असं ठरलं. ते पाळतील अशी माझी अपेक्षा नव्हती. संस्थेचे पोटनियम ज्या माणसाने कधी उघडून पाहिले नाहीत, तो फोनची पुस्तिका एवढी मनावर घेईल हे मला कसं कळणार?

पहिलाच नियम होता की वापरण्याआधी हँडसेट बेसवर ठेवून सलग सोळा तास चार्ज करावा. मी ‘सलग’ हा शब्द उच्चारला आणि घात झाला. आमच्याकडे तेव्हा सलग सोळा तास फक्त ऊन असायचं. लाइट सहा तासांनी जायची, कधी अकरा तासांनी, एकदा तर पंधरा तास टिकली आणि मग गेली. प्रत्येक वेळी चेअरमन पुन्हा पहिल्यापासून तास मोजायला घेत. मी म्हणालो, ‘‘चेअरमन, मागचे तास धरले तर आतापर्यंत शंभर झाले असतील.’’ ते म्हणाले, ‘‘मास्तर, उपास धरला आन् मधी खाल्लं, तर मागचा उपास धरत्येत का?’’ तीन आठवडे फोन बेसवर आणि घर नव्या फोनच्या पहाऱ्यावर. शेवटी त्यांनी तो संच टॉवेलात गुंडाळून दूध संस्थेत नेला, कारण तिथे दूध थंड ठेवायला जनरेटर होता. चाऱ्याअभावी दूध इतकं आटलं होतं की जनरेटरला दुसरं काम नव्हतंच. सोळा तास चेअरमन फोनसमोर खुर्ची टाकून बसले. जेवणाचा डबाही तिथेच आला. आमच्या सहकाराने त्या साली सोळा तास अखंड काही केलं असेल तर हेच.

दुसरा नियम, विजा चमकत असताना फोन वापरू नये. त्या वर्षी आमच्या आभाळात वीज सोडाच, ढगसुद्धा वाट चुकूनही आला नव्हता. तरी हँडसेट कानाला लावण्याआधी चेअरमन अंगणात येऊन कपाळावर हात धरून चारी दिशांना वर बघायचे. त्यांना बघून समोरची म्हातारी वर बघायची, तिला बघून पारावरची माणसं उठून वर बघायची. ‘‘चेअरमन बगतोय म्हंजी तालुक्यावरनं कायतरी कळलं आसंल,’’ असं म्हणत दोनचार जणांनी घरावरची कौलंही सारखी करून घेतली. तिसरा नियम पाण्याचा. फोनजवळ पाणी ठेवू नये. घरात पाणी होतं एक घागर, तीही त्यांनी वहिनींना न्हाणीत ठेवायला लावली. हँडसेटला दुधाची रिकामी पिशवी चढवून वर दोरा गुंडाळलेला असायचा आणि टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन पुढे धावे तेव्हा चेअरमन फोन छातीशी धरून दहा पावलं मागे सरत. वहिनी एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, ‘‘एवढी काळजी माज्या गुडघ्याची घेतली आस्ती, तर आज मी पळत टँकरला गेले आस्ते.’’

गुडघ्याची पुस्तिका आली नव्हती, त्याला चेअरमन काय करणार!

मग रेंजचं प्रकरण. फोन कुठपर्यंत चालतो हे पुस्तिकेत मोघम लिहिलं होतं, आणि मोघम गोष्ट चेअरमनना खपत नसे. त्यांनी वहिनींना बेसजवळ बसवलं आणि स्वतः हँडसेट घेऊन शेताकडे निघाले. प्रत्येक वीस पावलांवर ‘‘आता येतंय का ऐकू?’’ असं विचारायचं आणि जिथे वहिनींचा आवाज तुटला तिथे दगड पुरून त्याला चुना फासायचा. चारी बाजूंनी असे दगड लागले. नंतर आलेला एक नवा तलाठी ते गावठाणाचे दगड समजून नकाशाशी ताडून बघत अर्धा दिवस उन्हात फिरला. वहिनींनी मला नंतर सांगितलं की त्या दिवशी आवाज तुटला नव्हताच. त्यांना स्वयंपाक करायचा होता म्हणून त्यांनीच बोलणं बंद केलं होतं. चेअरमननी मात्र मरेपर्यंत त्या दगडाच्या पुढे एक पाऊल टाकून फोनवर बोलणं केलं नाही.

इथपर्यंतचं मी लग्नाकार्यात पुष्कळदा सांगितलं आहे आणि लोक हसले आहेत. पुढचं सांगितलेलं नाही.

चेअरमनचा फोन बघून महिनाभरात मीही त्याच दुकानातून तोच फोन आणला. मास्तराला कशाला हवी होती गच्चीवर अँटेना, असं कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. पहिल्याच दिवशी हँडसेट उचलला तर आत चेअरमन बोलत होते. मला वाटलं भिंतीतून ऐकू येतंय. मग कळलं, फोनमधूनच येतंय. पुस्तिका काढून पाहिली. शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की जवळपास त्याच बनावटीचा संच असेल तर एकाचं बोलणं दुसऱ्यावर ऐकू येण्याची शक्यता असते, म्हणून बेसखालचा खटका सरकवून चॅनेल बदलून घ्यावा. हे पान मी चेअरमनना वाचून दाखवलं नव्हतं. सोळा तासांच्या गोंधळात ते राहून गेलं होतं. खटका सरकवायला दोन मिनिटं लागली असती. पेचकस माझ्या टेबलाच्या खणात होता. मी पुस्तिका मिटली आणि खण उघडला नाही. माझं बोलणं त्यांना ऐकू जाईल अशी धास्ती पहिले दोन दिवस वाटली, पण फोनवर दुसऱ्याचं ऐकायची सवय चेअरमनना कधीच नव्हती.

आणि अशा रीतीने गावातल्या हॉटेलात माझी किंमत वाढली. त्या वर्षी गावात एकच बातमी महत्त्वाची होती, ती म्हणजे टँकर कधी येणार. संस्थेच्या खटपटीने गावाला टँकर मिळाला होता, रोज दोन खेपा, आणि तो चालवायचा चेअरमनचा धाकटा भाऊ दगडू. युसूफ वडगाव या गावी दगडू टँकर भरायचा, तिथल्या दुकानातून भावाला फोन करायचा आणि निघायचं. तो फोन चेअरमन ऐकायचे आणि मी ऐकायचो. मग मी हॉटेलात जाऊन, चहाच्या कपाकडे बघत, सहज म्हणायचो, ‘‘आज दोनच्या आत काही टँकर येत नाही.’’ आणि टँकर सव्वादोनला यायचा. ‘‘मास्तर, तुमाला कावून समदं आदीच कळतंय?’’ लोक विचारायचे. मी हसायचो. तीस वर्षं व्याकरण शिकवून जो मान मिळाला नव्हता तो पंधरा दिवसांत मिळाला. लोक मला बसायला जागा द्यायला लागले.

एके दिवशी दुपारी मी हँडसेट उचलला तेव्हा आधी मला चेअरमनचा आवाज ओळखूच आला नाही. तो हळू होता. या माणसाला हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ते सांगत होते, ‘‘दगडू, दुसरी खेप गावात आनू नगं. टेकडीमागनं मेंढपाळांच्या वस्तीवर ने. कालपास्नं तितं थेंब न्हाई. लेकरं तान्ही हायत.’’ दगडू म्हणाला, ‘‘दादा, गावात कळलं तर?’’ ‘‘कसं कळंल? तुला आन् मला म्हाईत. टायर फुटलं म्हन. आन् हे बग, वहिनीलाबी सांगू नगंस.’’ त्या वस्तीला टँकर मंजूर नव्हता. मेंढ्यांचं दूध संस्थेत येत नाही, म्हणून त्यांच्यातला एकही माणूस सभासद नव्हता. चेअरमनना त्यांच्याकडून एक मतही मिळायचं नव्हतं.

अर्ध्या तासाने मी हॉटेलात होतो. कुणीतरी विचारलं, ‘‘काय मास्तर, दुसरी खेप कवा?’’ ‘माहीत नाही’ असं म्हणता आलं असतं. पण ‘माहीत नाही’ म्हणायची माझी सवय सुटली होती. मी कपाकडे बघत म्हणालो, ‘‘आज वाट बघू नका. दुसरी खेप टेकडीमागं चाललीय.’’

बाकड्यावरचे सगळे एकदम उठले.

टेकडीच्या वळणावर त्यांनी टँकर अडवला. दगडूला खाली ओढलं. तो दाराला धरून ओरडत होता, ‘‘आरं, लेकरं हायत तितं, लेकरं!’’ कुणीतरी पाना घेऊन मागची चावी फिरवली आणि गावात न्यायचं का वस्तीवर, हे ठरायच्या आत सगळं पाणी मुरमात गेलं. वस्तीतली माणसं दुसऱ्या दिवशी मेंढरं आणि लेकरं घेऊन पायी निघून गेली. संस्थेची सभा भरली, ती अर्ध्या तासात आटोपली आणि चेअरमन चेअरमन राहिले नाहीत. ते खुर्चीवरून उठले, कुणाशी भांडले नाहीत. फक्त दगडूजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तुज्याबिगर कुनाला म्हाईत व्हतं?’’ दगडू म्हणाला, ‘‘दादा, आईची शपत, मी न्हाई सांगितलं.’’ ‘‘मंग फोननं सांगितलं का?’’ चेअरमन म्हणाले.

लोक हसले. मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभा होतो. उत्तर त्यांनीच दिलं होतं. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

आणि हॉटेलातल्या लोकांचं काय? मास्तरांना सगळं आधीच कळतं हे सर्वांना इतकं अंगवळणी पडलं होतं की कसं कळलं हे विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. त्या संध्याकाळी मी खण उघडून पेचकस घेतला आणि बेसखालचा खटका सरकवला. खरोखरच दोन मिनिटं लागली.

दगडू बायकोला घेऊन तलवाड्याला सासुरवाडीत गेला. अठरा वर्षं दोघे भाऊ बोलले नाहीत. चेअरमनना लोक चेअरमनच म्हणत राहिले, पण त्यांनी फोनवर मोठ्याने बोलणं सोडलं. पुढे गावभर मोबाइल आले, चेअरमनचा कॉर्डलेस तसाच पिशवीत गुंडाळून बेसवर असायचा. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसायला जायचो. ते मला जवळचा माणूस समजायचे.

दोन वर्षांपूर्वी ते अंथरुणाला खिळले. एके दिवशी मला म्हणाले, ‘‘मास्तर, तलवाड्याला जाऊन या. दगडूला म्हनावं, मी माफ केलं. जे झालं ते झालं.’’ मी म्हणालो, ‘‘फोन लावून देऊ का?’’ ‘‘न्हाई. हे फोनवर सांगायचं काम न्हाई. तुमी शिकलेला मानूस, नीट सांगताल.’’

मी गेलो. दगडू अंगणात शेळीला पाला टाकत होता, डोक्याचे केस पार पांढरे. मी निरोप सांगितला. पाला हातात तसाच धरून तो म्हणाला, ‘‘माफ केलं? कशाबद्दल, मास्तर? मी काय केलतं?’’ त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘तुमी तर व्हते तितं. तुमी सांगा, मी काय केलतं?’’ मी म्हणालो, ‘‘ते मोठे आहेत, दगडूअण्णा. मनाला लावून घेऊ नका.’’ एवढं शहाणपणाचं वाक्य बोलून मी एसटी पकडली.

तलवाड्याहून गेवराई, गेवराईहून बीड, बीडहून गाव, सगळ्या वाटेने मी एकच वाक्य घोकत होतो: चेअरमन, दगडूने नाही, मी सांगितलं, मला माफ करा. गावात उतरलो तो घरी न जाता सरळ त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसलो. त्यांनी मान वळवली. ‘‘काय म्हनला?’’

‘‘डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या,’’ मी म्हणालो. हे खरंच होतं.

‘‘येनारच. लई वर्सं मनात खात आसंल त्येला.’’ त्यांनी डोळे मिटले. चेहरा इतका सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी पुढे सरकलो आणि म्हणालो, ‘‘चेअरमन, एक सांगायचं होतं.’’ त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाले, ‘‘आता काय सांगू नगा. एवढ्या लांब गेलते माज्यासाठी. तुमचे लई उपकार झाले, मास्तर.’’

चौथ्या दिवशी ते गेले. त्या दिवशी त्यांनी हात सोडेपर्यंत मी तसाच बसून होतो, आणि ‘मला माफ करा’ हे शब्द जसे आणले होते तसेच घेऊन उठलो.