मिठाच्या खड्यांवर ओतलेलं ॲल्युमिनियम

एम.टेक.ला माझा विषय होता फ्यूजन अणुभट्टीच्या भिंती थंड ठेवण्याचा. सूर्याच्या पोटात चालते तशी आग कोंडायची, तर भिंतीमागच्या नळ्यांतून वायू खेळवावा लागतो. नळीत स्पंजासारखा सच्छिद्र धातू भरला, की वायू भोकाभोकांतून फिरत जास्त उष्णता उचलून नेतो. खऱ्या भट्टीला टंगस्टन लागतं. माझ्या चाचणीला ॲल्युमिनियम चालणार होतं.

कॉलेजची भट्टी बिघडलेली. म्हणून पेठला, माझ्या गावी आलो आणि जुन्नरला पंपाचे भाग ओतणाऱ्या एका चाचांना गाठलं. जाड्या मिठावर वितळलेल्या धातूचा रस ओतायचा, मग पाण्यात मीठ विरघळवायचं. उरते ती जाळी. चाचा हसले. जन्मभर ते ओतकामातलं भोक टाळत आले होते.

मीठ भाजून आणायचं मी कबूल केलं होतं. सकाळी उशीर झाला आणि दमट पिशवी तशीच उचलली.

"मीठ कोरडं हाय न्हवं, भाऊ?" चाचांनी विचारलं.

"भाजून आणलंय," मी म्हणालो.

रस पडताच मिठातल्या पाण्याची वाफ झाली आणि धातू उसळून त्यांच्या तोंडावर आला. मी दाराशी होतो. मला काही झालं नाही. त्यांचा उजवा डोळा गेला.

पंधरा दिवसांनी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोनं चहा दिला. चाचा म्हणाले, "तीस वर्सं रस ओततोय, आन् हात लावून बघितलं न्हाई. माझीच चूक व्हती."

मी चहा संपवला. मग सांगितलं, की गाइडनं मुदत दिलीय, तुकडा अजून हवाय.

त्यांनी ओतला. डोळ्यावर पट्टी असताना, मीठ स्वतः भाजून. मला मात्र लांब उभं राहायला लावलं, लागेल म्हणून.

चाचणी उत्तम झाली. गाइडनं विचारलं, जाळी कोणी ओतली? मी म्हणालो, मीच. त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या कामावर मला परदेशात जागा मिळाली.

काही वर्षांनी सुटीत गावी आलो, तेव्हा जुन्नरच्या बाजारात चाचा दिसले. अंतराचा अंदाज येत नाही म्हणून ओतकाम सोडलं होतं. शेजारच्या माणसाला माझी ओळख करून देत म्हणाले, "हे आपले सायंटिस्ट. यांच्या कामात आपली जाळी हाय."

त्या माणसानं मला हात जोडले. मीही जोडले.