चार बाइटांची चूक

दुसऱ्यांच्या फजित्या सांगून सांगून संपतात. स्वतःच्या मात्र लपवाव्या तेवढ्या साचत जातात. माझ्या सगळ्या एकाच दुष्काळातल्या, लातूरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसातल्या.

गावोगावच्या टाक्यांत किती पाणी आहे ते दाखवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. टँकर कुठं पाठवायचा, ते त्यावर बघून ठरायचं. उदगीर नवा जिल्हा होणार अशी तेव्हा हवा होती. नव्या जिल्ह्याचं काम मिळंल या भरवशावर आमच्या मालकांनी, अप्पांनी, चौसष्ट बिटचे नवे कॉम्प्युटर घेतले. "जुना प्रोग्राम चालंल ना, मॅडम?"

मी न तपासता म्हणाले, "हाव!"

*

चालला की! नव्या कॉम्प्युटरवर आधी एकच टाकी जोडली होती, रेणापूरकडच्या एका वाडीची. तिच्यात कोट्यवधी लिटर पाणी दिसायला लागलं. अप्पा म्हणाले, "एवढं तर धरणात बी न्हाई!"

मी दोष टाकीतल्या पाणी मोजणाऱ्या सेन्सरवर ढकलला. आमचे मेकॅनिक इरफानभाई भर उन्हात तीनदा त्या टाकीवर चढले. येऊन म्हणाले, "मॅडम, घागरभर पाणी हाय अन् एक पाल. पाल बी मोजून राहिला का तुमचा प्रोग्राम?"

*

मग मी हुशारी केली. आकडा टाकीत मावणार नाही एवढा आला, तर सरळ 'टाकी फुल' दाखवायचं! स्क्रीनवर निळी पट्टी झळकली. अप्पांनी चारचौघांत माझं कौतुक केलं.

मी ते घेतलं.

*

खरं कारण चौथ्या दिवशी सापडलं. नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकीचा नंबर आणि पाण्याचा आकडा यांच्यामध्ये चार बाइट, म्हणजे एका आकड्याएवढी जागा, रिकामी सोडत होता. माझा बत्तीस बिटचा प्रोग्राम त्या रिकाम्या जागेपासूनच आकडा वाचत होता, म्हणून घागरीचे कोट्यवधी लिटर होत होते.

इरफानभाईंना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे मी उगाच चढलो."

*

अप्पांना चहा झाल्यावर सांगू, म्हणून मी बसून राहिले. तेवढ्यात त्याच वाडीच्या कलावतीबाई आल्या. चार दिवस टँकर आला नव्हता. "आमची टाकी दावा," म्हणाल्या.

मी स्क्रीन वळवली.

निळ्या पट्टीकडं बाई बघत राहिल्या. मग त्यांनी घरी सासूला फोन लावला.

"आत्या, पुन्हा एकदा टाकीत बघा. फुल हाय म्हनं. आपल्यालाच दिसंना, काय की!"