बुधवारचा बर्गर आणि वाचकांचा कौल

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या प्रतिभाला तर नाहीच नाही. आठ वर्षं झाली. तुम्ही हे पान उघडता, बाळाच्या पोटदुखीपासून शाळेतल्या रडारडीपर्यंत सगळं मला मोकळेपणी लिहिता — आणि मी? मी एकदा खोटं बोलले. तुमच्याशी बोलले, आणि तुमचंच नाव घेऊन बोलले.

थांबा. लगेच तिथे जाववत नाही. आधी बर्गरचं सांगते, कारण ते सांगताना मला अजून हसू येतं.

नव्याने आलेल्यांसाठी — आईबाबांसाठी असलेली ही वेबसाइट प्रतिभाने आणि मी मिळून सुरू केली. आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. आमच्या मुली तेव्हा रांगत होत्या आणि मराठीत धड काही वाचायला मिळत नव्हतं. लसी, झोप, शाळा हे प्रतिभाकडे. खाणंपिणं माझ्याकडे. मी रोज डब्याचा फोटो टाकायचे. नाचणीचे घावन, मेथीचे मुटके, बिटाची कोशिंबीर. लोक मला ‘डबाताई’ म्हणायला लागले. भाजी बाजारात एखादी बाई थांबवायची, तिच्या पिशवीतला वेफर्सचा पुडा हळूच दुधीखाली सरकवायची आणि मग बोलायला लागायची. मला काय मजा वाटायची! ‘आमच्या घरात मैदा उंबरा ओलांडत नाही,’ हे माझं वाक्य. एका शाळेत पालकांसमोर बोलताना मी ते तीनदा वापरलं होतं.

तर, ओवी. माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. दर बुधवारी संध्याकाळी नाशिकच्या कॉलेज रोडला तिचा कथकचा क्लास असायचा. एका बुधवारी बाईंना ताप आला म्हणून क्लास बंद. आम्ही इंदिरानगरहून स्कूटरवर एवढ्या लांब आलेल्या. शेजारी बर्गरचं नवीन दुकान उघडलेलं. दार उघडलं की तळलेल्या बटाट्याचा वास थेट फुटपाथवर येत होता. ओवीने काही मागितलं नाही हो. ती नुसती उभी राहिली, हातात घुंगरांची पिशवी, आणि तिने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. आणि मी — मी तिचा हात धरून आत गेले.

काय सांगू तुम्हाला? तो बर्गर तिच्या तोंडात मावेना. मधला पाला एकीकडून निसटला, सॉस नाकाला लागला, आणि ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग मीही खाल्ला. अर्धा म्हणून घेतला आणि सगळा संपवला.

पुढचा बुधवार आला. क्लास होता, तरी सुटल्यावर आम्ही गेलो. त्याच्या पुढच्या बुधवारीही. दोन वर्षं! कोपऱ्यातलं एक टेबल आमचं ठरून गेलं. पुडक्यातला सगळ्यात लांब बटाटा कोणाला मिळतो याची पैज. हरणारीने जिंकणारीला शाळेतलं किंवा ऑफिसातलं एक गुपित सांगायचं. वर्गात बाकावर कोणी काय कोरलं, कोणाशी कट्टी, कोणाशी बट्टी — जे ती घरात कधी बोलली नसती, ते मला त्या टेबलावर कळलं. काउंटरवरची मुलगी आम्हाला दारातच ओळखायची. “नेहमीचंच ना मॅडम?” निघताना दोघी बेसिनवर तोंड धुवायचो, बडीशेप चघळायचो, एकमेकींचा वास घेऊन खात्री करायचो आणि घरी. घरी सांगायचं, आज क्लास लांबला. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, “नाचून नाचून पोरगी अंग धरायला लागली बघ.” आम्ही दोघी पाण्याच्या पेल्यात तोंड घालून हसायचो.

सात वर्षांच्या लेकीला मी खोटं बोलायला शिकवलं. हो, तेही आहेच. पण कबूल करायचं ते अजून पुढे आहे.

कारण त्याच दुकानाची जाहिरात आमच्याकडे आली.

मालकाला आमचं पान आवडलं होतं. त्याला आमच्या पानावर वर्षभर जाहिरात करायची होती. शिवाय आम्ही दोघींनी मुलींना घेऊन दुकानात यावं, फोटो काढू, असंही त्याचं म्हणणं होतं. प्रतिभा माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिचं म्हणणं साधं होतं.

“घेऊया की. वर ठळक ‘जाहिरात’ असं लिहू. बाळाच्या आहाराच्या लेखाशेजारी लावायची नाही, खेळण्याचं आमिष दाखवायचं नाही. फोटोबिटो काही नको. मुलं खातात गं. रविवारी मिसळीच्या रांगेत चार वर्षांचं पोर घेऊन उभं राहणारं आपलं गाव! आपण कशाला सोवळं पाळायचं?”

“आपल्या पानावर आलं म्हणजे लोकांना वाटणार, आपणच खा म्हणतोय,” मी म्हणाले. “पहिल्यांदा आई झालेली मुलगी रडकुंडीला येऊन आपलं पान उघडते. तिला आपण बर्गर दाखवायचा?”

हे मला तेव्हा मनापासून वाटत होतं. आजही वाटतं. पण मी अडून बसले होते ते त्यासाठी नव्हे. त्या फोटोमुळे. फोटो नाही काढला, तरी ओळखपाळख होणार, मालक कधीतरी घरी फोन करणार, आणि काउंटरवरची ती मुलगी सगळ्यांसमोर विचारणार — नेहमीचंच ना मॅडम?

आमचं एकमत होईना. मग ठरलं, वाचकांनाच विचारू. पानावर ‘जाहिरात घ्यावी’ आणि ‘घेऊ नये’ अशी दोन बटणं ठेवली, खाली लिहायला जागा. त्याच आठवड्यात प्रतिभाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती मनमाडला गेली. जाताना म्हणाली, “कौल तूच बघ. मला नुसता निकाल सांग.”

तुम्ही किती लिहिलंत! मी एका दुपारी सगळं वाचायला बसले आणि हसून हसून माझे डोळे भरून आले. एका आईने लिहिलं होतं, ‘घेऊ नका, माझी मुलगी तुमचं पान पुढे करून म्हणेल, बघ, तुझी ती ताईपण हो म्हणते.’ नाशिक रोडच्या एका निवृत्त आजोबांनी मैद्यावर मोठा निबंध पाठवला होता आणि शेवटी लिहिलं होतं, ‘नातवासोबत मी खातो, तो भाग वेगळा.’ एका बाबांनी लिहिलं, त्यांची मुलगी पहिल्यांदा एक अख्खं वाक्य बोलली ते बर्गरच्या दुकानात, आणि ते वाक्य होतं ‘बाबा माझा खाऊ नको.’

आणि एक पत्र चांदवडच्या उषाताईंचं. नाव मी बदललंय, तिचं तिला कळेल. घरची कांद्याची शेती. मुलाच्या एका डोळ्याची नजर कमी, म्हणून दर महिन्याला त्याला घेऊन एसटीने नाशिकला डॉक्टरकडे. तिने लिहिलं होतं:

‘ताई, पोरगं दवाखान्यात लय रडतं. औषध घातलं का तासभर काय दिसत नाय त्याला. मग मी त्याला बर्गर खायला नेते. डोळे मिटून खातो आन सांगतो, आई यात काकडी हाय, आई यात कांदा हाय, आपलाच आसंल. आमी दोघं लय हसतो. महिन्यातून येक दिवस हाय आमचा. जाहिरात घ्या नाय तर नका घेऊ, पन खानाऱ्या आया वाईट हायेत आसं तेवढं लिहू नका.’

मी ते पत्र दोनदा वाचलं. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. आमच्यासारखंच तिचंही एक टेबल होतं! तेव्हाच, त्याच क्षणी मी लिहायला हवं होतं — उषाताई, आम्हीपण.

बटणांचा निकाल स्पष्ट होता. बहुतेकांनी ‘घ्यावी’ म्हटलं होतं. प्रतिभाने सांगितलेल्याच अटी घालून, जवळपास तिच्याच शब्दांत.

आणि मी पानावर लिहिलं — वाचकांनी ठाम नकार दिला आहे.

झालं. सांगितलं. किती लहान वाक्य आहे ना? टाइप करायला काहीच वेळ लागला नाही. बटणं काढून टाकली. पत्रं एका फोल्डरमध्ये घातली. नकार देणारी तेवढी चार छापली, आजोबांचं पत्रही छापलं — नातवाचं वाक्य कापून.

लोकांनी माझं कौतुक केलं. एका महिला मंडळाने शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला. मुलांच्या तब्येतीसाठी मी मोठी जाहिरात नाकारली, असं सगळीकडे झालं. मी नाकारली होती ती माझं कोपऱ्यातलं टेबल कोणाला दिसू नये म्हणून.

प्रतिभा मनमाडहून आली. तिने निकालावर एका शब्दानेही शंका घेतली नाही. माझ्यावर कशी घेणार? एवढंच म्हणाली, “मला आपले वाचक कळलेच नाहीत गं.” पुढे ती प्रत्येक लेख मला विचारून लिहायला लागली, मग कमी लिहायला लागली, आणि वर्षभरात तिने वेबसाइट सोडली. आता गंगापूर रोडला तिचं मुलांचं वाचनालय आहे. संध्याकाळी तिथे इतका गोंगाट असतो की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, आणि ती त्या गोंगाटात मजेत असते. आमची मैत्री आहे तशीच आहे. पण नवीन पुस्तकं घेताना ती मला फोन करते. “तू सांग गं, मला लोकांचं काही कळत नाही.” इतकी वर्षं मी हे ऐकते. आणि यादी सांगते.

अजून एक राहिलं. निकाल छापल्यावर महिन्याभराने उषाताईंचं पुन्हा पत्र आलं. ‘सगळ्या आया नको म्हनल्या, मी येकलीच तशी निघाले. लाज वाटली. आता दवाखान्यातून डायरेक सीबीएसच्या एसटी स्टँडवर जातो. पोरगं इचारतं, मी नाय म्हनते.’

ती एकटी नव्हती. हे जगात फक्त मला माहीत होतं. मी तिला उत्तर लिहिलं: ‘शाब्बास, उषाताई.’

त्या दिवशी बुधवार होता. ओवी आणि मी गेलो होतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा एका दुकानाची जाहिरात आली. बर्गरचंच, दुसरं. आमच्याकडे आता सायली काम करते, गुणी मुलगी. तिचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते, म्हणून फोन स्पीकरवर. सायली म्हणाली, “ताई, मी परस्परच नकार कळवते. आपल्या वाचकांनी नकार दिलाय ना पूर्वीच, तो तर आपला नियमच आहे.” ओवी शेजारी बसून दहावीचं काहीतरी वाचत होती. ती आधी खुदकन हसली. फोन ठेवल्यावर हसणं थांबवून तिने विचारलं, “आई, ते टेबलावरचं ठीक आहे, आपलं गुपित. पण वाचक खरंच नाही म्हणाले होते?”

तिला ते माहीत नव्हतं. बर्गर तिला माहीत होता, हे नव्हतं. मी पोळी उलटवली आणि म्हणाले, “नाही. ते हो म्हणाले होते.”

ओवीने पुस्तक मिटलं. मग उठून तिने तव्यावरची करपलेली पोळी काढली.

तुमची सगळी पत्रं त्या फोल्डरमध्ये होती. काल पुन्हा वाचली, आणि खरं सांगू? पुन्हा तितकीच हसले. तुम्ही तुमच्या मुलांवर काय वेड्यासारखं प्रेम करता! आज ती सगळीच्या सगळी पानावर ठेवली आहेत, आजोबांचा नातू पुन्हा त्यांच्या पत्रात बसवला आहे. जुना खरा निकालही आहे. नव्या जाहिरातीचं सायली तुम्हाला विचारेल आणि सायलीच मोजेल. माझं मत ‘घेऊ नये’ असंच आहे. इतरांसारखं तेही एक धरलं जाईल.

उषाताई, तुमच्यासारख्या खूप जणी होत्या. प्रतिभा, तुला वाचक नीट कळले होते.

जुनं निवेदन मी काढून टाकलेलं नाही, या मजकुराखाली तसंच ठेवलं आहे. त्याच्या शेवटी मी ‘आपण सर्व’ अशी सही केली होती. तेव्हा त्यात सर्व कोणीच नव्हते. मी एकटी होते.