डावा हात

आम्हा मास्तर लोकांची एक युक्ती आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगते. वर्गाची तपासणी असली की मुलांना आधीच पढवून ठेवायचं. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो आणि बाई उजव्या हातवाल्यालाच उठवतात. शिरूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत मी ही युक्ती रोजचीच करून टाकली. वेळ वाचतो ना! पाचवीची पोरं, आठवड्यात पटाईत झाली.

एक मुलगी मात्र कायम डावाच हात वर करायची. वडील नाहीत, आई रांजणगावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांड्यांच्या कामाला. पहिल्या चाचणीत तिला चांगले मार्क पडले, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की हिनं शेजारणीचं बघून लिहिलं. शेजारीण बागायतदाराची, शिकवणीला जाणारी. मी हिला उठवून दाराजवळ एकटीला बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दुसऱ्याच्या अकलेवर किती दिवस काढणार गं?" पुढच्या चाचणीत तिनं अर्धा पेपर कोरा दिला. मी मोठी शहाणी, मला वाटलं, बघा, माझंच खरं निघालं!

शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायची मुलं निवडली, त्यात तिचं नाव घातलं नाही. निवडलेल्यांना शाळा सुटल्यावर मी तासभर जादा शिकवायचे. ती दप्तर पाठीला लावून खिडकीशी रेंगाळायची. घरी जा म्हणून मी तिला दोन-तीनदा हाकललं.

डिसेंबरात थंडी पडली. मामानं दिलेला स्वेटर घालून ती शाळेत आली आणि अपूर्णांकांच्या तासाला तिचा उजवा हात वर गेला. मला हसू आलं. गंमत बघावी म्हणून उठवलं, तर उत्तर बरोबर. दुसरं विचारलं, तेही बरोबर. जादा तासाच्या मुलांना न जमलेलं गणित तिनं फळ्यावर सोडवून दाखवलं. दुपारी ऊन तापलं, तिनं स्वेटर काढला, आणि अगदी सोप्या प्रश्नाला परत डावा हात. तास संपल्यावर तिला बाजूला घेऊन विचारलं, हा काय प्रकार आहे?

"बाई, उजवीकडं काखंत फाटलंय," ती म्हणाली. "पोरं हसत्यात."

यंदाचे गणवेश अजून यायचे होते. तिच्या अंगावर गेल्या सालचाच होता. कापड इतकं विरलं होतं की टाका धरत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही श्रीमंताघरची नव्हे. माझे आबा पाटसच्या साखर कारखान्यावर सीझनपुरते कामाला जायचे. दौंडच्या शाळेत भूमितीच्या तासाला मी पोट दुखतंय म्हणून बाहेर बसायचे, कारण माझ्याकडे कंपास नव्हता. सर मला कामचुकार म्हणायचे, ते ऐकून मी रडायचे. आणि पगार सुरू झाल्यावर हे सगळं विसरले. ज्या बाईला हे दिसायलाच हवं होतं, तिनंच त्या पोरीला चोर ठरवलं.

तिनं हळूच विचारलं, "आता माझं नाव घालताल का परीक्षेला?"

फॉर्म भरायची मुदत संपून पंधरा दिवस झाले होते. मला ते पक्कं माहीत होतं. तरी तोंडातून निघालं, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई दारात उभी. कामाचा खाडा करून आली होती. फॉर्मला लागतील म्हणून पोरीचे दोन फोटो काढून आणले होते. पोर पाठीमागे, घराशेजारच्या पोरीचा धड गणवेश मागून घातलेला, फोटोही त्यातच काढलेला. मग मात्र मला सांगावंच लागलं की मुदत संपली. ती माउली माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. उलट मलाच समजावायला लागली.

"आसूं द्या बाई. पुढच्या साली घाला की."

मी मान डोलावली. पाचवीची ती परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या साली नाही. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही नाही.