घसरलेली गाडी कुणी सावरली?

मंडळी, आजची दुपार डोळ्यांपुढून हलत नाही.

कंपनीच्या नव्या एसयूव्हीतून आम्ही आवडी या शहरातून परतत होतो. ओल्या वळणावर गाडी घसरून समोरच्या बसच्या दिशेने गेली आणि क्षणात सरळ झाली.

"पाहिलंस? याला म्हणतात हात!" गाडी चालवणारे माझे वरिष्ठ कुलकर्णीसर हसले.

मला मात्र डॅशबोर्डवर लुकलुकणारा पिवळा दिवा दिसला होता. गाडीतल्या यंत्रणेनेच एकेका चाकाला ब्रेक लावून आम्हांला वाचवले होते. धीर करून मी तसे म्हणाले.

"अगं पंडितबाई, तुला स्कूटी तरी येते का?"

उद्या सर पत्नीला आणि मुलीला घेऊन स्वतःच्या जुन्या गाडीने उटीचा घाट चढणार आहेत. त्या गाडीत ही यंत्रणा नाही.

त्यांच्या पत्नीचा नंबर माझ्याकडे आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांना काय सांगितले असते?