रडणारं वर, मारणारं खाली

आमचा सर्व्हर सांभाळणारा तो महाळुंग्याहून आमच्या चाकणच्या ऑफिसात येतो, बूट टेबलाखाली काढतो आणि मगच कीबोर्डला हात लावतो. जावाची सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्रॅम, बंद पडली की स्क्रीनवर शंभरेक ओळींचा एरर येतो. आम्ही वरच्या ओळी वाचूनच घाबरतो. तो सरळ तळाशी, मूळ कारण लिहिलेल्या ओळीवर जातो. "रडणारं वर असतंय, मारणारं खाली," एवढंच म्हणतो. मग त्याचा ठरलेला प्रश्न येतो, "काल कुनी हात लावला व्हता का?"

"कुणीच नाही," हे आमचंही ठरलेलं उत्तर.

एका सकाळी अशीच सर्व्हिस पडली. माल निघाल्याची सूचना पुढच्या कंपनीला जाईना, आणि सूचना आल्याशिवाय त्यांचा गेटवाला आमचे ट्रक आत घेईना. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, "कुणीच नाही."

त्यानं तळाची ओळ वाचली आणि फोल्डर उघडला. एकाच लायब्ररीच्या, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या, दोन फाइली तिथे होत्या, जुनी आणि नवी, एकमेकींशी भांडणाऱ्या. नवी आदल्या दिवशी कुणी टाकली ते बदलांच्या नोंदीत होतं. नाव माझं होतं. साहेब वाकून बघायच्या आत त्यानं नोंद बंद केली, जुनी फाइल काढली आणि सर्व्हर परत चालू केला.

"जुनी फाइल ऱ्हायली व्हती, साहेब. झालं आता."

अर्ध्या तासात ट्रक आत गेले.

तो प्रश्न तो अजूनही सगळ्यांना विचारतो. मला विचारत नाही. सरळ नोंद उघडतो.